कादंबरीतलं गुंतागुंतीचं घराणं आणि वंशवृक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौटुंबिक, ऐतिहासिक किंवा पौराणिक कादंबरी लिहिणारे, त्यांचे संपादक आणि अनुवादक वंशवृक्षाबद्दल जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सगळ्या उत्तरांमागची धारणा मात्र एकच आहे. पुस्तकात छापलेला वंशवृक्ष वाचकासाठी असतो, आणि वाचक तो गोष्टीच्या मध्यावर, "ही कोण होती बरं?" असं वाटलं की उघडतो. त्या क्षणी त्याला जेवढं हवं तेवढंच तिथे असावं.

१. माझ्या कादंबरीत तीन पिढ्या आहेत. वंशवृक्ष द्यायलाच हवा का?

हे पिढ्या मोजून ठरत नाही. आजोबा, मुलगा, नात अशी सरळ रेघ असेल तर पाच पिढ्यांनाही वंशवृक्ष लागत नाही. चुलत-मावस भावंडांचा गोतावळा एकाच वाड्यात वावरत असेल, नावं पिढ्यान्‌पिढ्या परत येत असतील किंवा निवेदन काळात मागेपुढे जात असेल, तेव्हा तो लागतो. नात्यावरच गोष्ट उभी असेल, म्हणजे वाटणीचा दावा असेल किंवा न जुळणारं लग्न असेल, तेव्हाही लागतो.

खात्री करायची असेल तर हस्तलिखित दोघा-तिघांना वंशवृक्ष न देता वाचायला द्या आणि ते कुठे अडखळतात ते विचारा. सगळे एकाच प्रकरणात अडखळले तर आधी ते प्रकरण दुरुस्त करा. पात्र पहिल्यांदा येतं तिथेच त्याचं नातं प्रसंगातून मनात बसायला हवं. "रमाकाकू परसात आली आणि तिनं थोरल्या जावेच्या हातातली कळशी काढून घेतली" या एका वाक्यात दोन नाती येऊन जातात. असं लिहायचं टाळून पहिल्या पानावर वंशवृक्ष टाकणं म्हणजे लेखकाचं काम वाचकावर ढकलणं आहे.

२. वंशवृक्षाऐवजी पात्रांची यादी दिली तर चालेल का?

पुष्कळदा यादीच बरी. गावातली, कचेरीतली, नात्याबाहेरची माणसं जास्त असतील तर यादी. नात्यांचा गुंता असेल तर वंशवृक्ष. दोन्ही द्यायचे असतील तर तोच मजकूर दोन्हीकडे छापू नका. यादीत माणूस काय करतो ते सांगा, वंशवृक्षात तो कुणाचा कोण ते.

३. वंशवृक्ष लिहिण्याआधी काढू की कादंबरी पूर्ण झाल्यावर?

दोन वंशवृक्ष काढा. पहिला तुमच्यासाठी, लिहायला बसण्याआधी. त्यात सगळं असू द्या: जन्मसालं, मृत्यू, लग्नं, गेलेली मुलं, कोण कुठे राहायला गेलं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे. दुसरा वाचकासाठी, कादंबरीचा शेवटचा खर्डा झाल्यावर, पहिल्यातून वेचून काढलेला.

पहिल्या वंशवृक्षाचा खरा उपयोग हिशोबाला होतो. प्रत्येक नावासमोर जन्मसाल घातलंत की लक्षात येतं, थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळी आई नऊ वर्षांची ठरते आहे, किंवा १९१८ च्या तापात गेलेली आत्या १९२५ च्या मुंजीत लाडू वळते आहे. एमिली ब्राँटे यांच्या 'वदरिंग हाइट्स' (१८४७) या कादंबरीची सुरुवातच '१८०१' या सालानं होते, पण पुढे तारखा फार थोड्या ठिकाणी थेट सांगितल्या आहेत. सी. पी. सँगर या वकिलानं १९२६ साली मजकुरातल्या बारीकसारीक उल्लेखांवरून बहुतेक सगळ्या तारखा जुळवल्या आणि दोन्ही घराण्यांचा वंशवृक्ष मांडून दाखवला. त्या तारखा जुळतात, आणि वारसाहक्काचे तपशीलही त्या काळच्या कायद्याला धरून आहेत. वाचकाला हे काहीच दिसत नाही, तरी कथा घट्ट वाटते ती या हिशोबामुळे.

४. पुस्तकात तो नेमका कुठे छापायचा?

सर्वसाधारणपणे अर्पणपत्रिका आणि मनोगत संपल्यावर, पहिल्या प्रकरणाच्या लगेच आधी. वाचताना बोट घालून ठेवता येईल अशी जागा हवी. मनोगत आणि प्रस्तावना यांच्या मधे अडकलेला वंशवृक्ष कुणाला सापडत नाही. शेवटी छापायचा असेल तर अनुक्रमणिकेत त्याचा पृष्ठक्रमांक ठळक द्या, नाहीतर पुस्तक संपल्यावर वाचकाला त्याचा पत्ता लागतो. कादंबरी भागांमध्ये असेल तर प्रत्येक भागाच्या तोंडाशी वेगळा वंशवृक्ष द्यायचा पर्यायही आहे (प्रश्न ५).

५. सुरुवातीलाच सगळं घराणं दाखवलं तर कथेतली गुपितं फुटणार नाहीत का?

फुटतात, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. 'वदरिंग हाइट्स'चंच बघा. आई कॅथरीन, माहेरची अर्नशॉ, लग्नानंतर लिंटन. तिची मुलगीही कॅथरीन: जन्मानं लिंटन, पहिल्या लग्नानं हीथक्लिफ आणि शेवटी ठरलेल्या लग्नानं अर्नशॉ. या कादंबरीचा पूर्ण वंशवृक्ष आरंभी छापला, तर धाकटी कॅथरीन कुणाच्या घरात जाणार आणि कुठे परतणार हे वाचकाला गोष्ट सुरू होण्याआधीच कळतं. उत्तरार्धातली सगळी ओढ तर त्यावरच आहे.

आपल्याकडचं याहून मोठं उदाहरण कर्णाचं. महाभारतावर कादंबरी लिहिताना कर्णाला वंशवृक्षात कुठे बसवायचं? वाचकाला तो कुंतीचा मुलगा हे ठाऊकच असतं, म्हणून बहुतेक जण बेधडक कुंतीखाली रेघ काढतात. पण कथेतल्या पात्रांना ते ठाऊक नाही. रंगभूमीवर अर्जुनाला आव्हान देणारा कर्ण हा अधिरथ आणि राधेचा मुलगा आहे, आणि त्याचा अपमान होतो तो त्या वंशवृक्षामुळे. कादंबरी कर्णाच्या किंवा अर्जुनाच्या नजरेतून चालत असेल, तर पहिल्या भागाच्या वंशवृक्षात कर्ण राधेखालीच असला पाहिजे. कुंतीपासून निघणारी रेघ कुंती गुपित सांगते त्या भागानंतर यावी. ती रेघ दोन भागांमधल्या पानावर अचानक उगवलेली पाहणं हाही वाचनाचाच भाग होतो.

म्हणून मी भागवार वंशवृक्षाच्या बाजूनं आहे: प्रत्येक भागाच्या आरंभी, त्या क्षणापर्यंत वाचकाला जे माहीत आहे तेवढंच. छपाईची पानं थोडी वाढतात, पण गुंतागुंतीच्या घराण्याला याहून चांगला उपाय मला दिसलेला नाही.

लपवण्याच्याही खुणा राहतात. रिकामी चौकट आणि आत प्रश्नचिन्ह दिलंत तर वाचक पहिल्या पानापासून त्या चौकटीचाच शोध घेत राहतो. पाच भावंडांपैकी एकाच्याच खाली बायको-मुलं दाखवलीत तर बाकीच्या चौघांचं काय होणार हे उघड झालं. लपवायचं असेल तर त्या पिढीपाशी सगळ्यांचीच फांदी थांबवा.

६. जन्म-मृत्यूची सालं द्यावीत का?

काल्पनिक घराण्यात मृत्यूचं साल सहसा देऊ नका. प्रश्न ५ मध्ये सांगितलेली अडचण इथेही आहेच. जन्मसाल द्यायला हरकत नसते, आणि वयाचा अंदाज महत्त्वाचा असेल तर ते द्यावंच.

ऐतिहासिक कादंबरी याला अपवाद. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचं काय झालं हे मराठी वाचकापासून लपवण्यात काही अर्थ नाही. उलट नानासाहेब १७६१, माधवराव १७७२, नारायणराव १७७३ ही सालं शेजारी शेजारी दिसली की त्या घरावर किती थोड्या वर्षांत काय काय कोसळलं ते एका दृष्टिक्षेपात कळतं.

७. आमच्या घराण्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. एकाच नावाची तीन-चार माणसं वाचकाला वेगळी कशी ओळखू येतील?

नावं बदलू नका. नावाची आवृत्ती हीच पुष्कळदा घराण्याची गोष्ट असते. भोसले घराण्यात शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी, शिवाजी महाराजांचे पुत्र छत्रपती संभाजी महाराज आणि राजाराम महाराज व राजसबाई यांचे पुत्र कोल्हापूरचे संभाजीराजे, असे तीन लागोपाठच्या पिढ्यांत तीन संभाजी आहेत. त्यातच शाहू महाराजांचं जन्मनाव शिवाजी, आणि ताराबाईंच्या मुलाचंही शिवाजी. ऐतिहासिक कादंबरीकाराला यातलं काहीच बदलता येत नाही. वेगळेपण मांडणीतून आणावं लागतं.

सर्वांत सोपा उपाय आपल्या रिवाजातच आहे: नावापुढे वडिलांचं नाव. बाजीराव बल्लाळ म्हणजे पहिले, बाजीराव रघुनाथ म्हणजे दुसरे. माधवराव बल्लाळ म्हणजे थोरले, माधवराव नारायण म्हणजे सवाई. पहिला-दुसरा असे आकडे घालण्यापेक्षा हे मराठी वाचकाच्या जिभेवर लवकर बसतं, आणि बाप कोण तेही त्यातच कळतं. पेशव्यांच्या घरात चिमाजी अप्पाही दोन आहेत, एक पहिल्या बाजीरावांचे भाऊ आणि दुसरे दुसऱ्या बाजीरावांचे. तिथे नावाखाली बारीक टाइपात "वसईचे" एवढं लिहिलं तरी गोंधळ मिटतो.

काल्पनिक घराण्यात कादंबरीभर एकाला पूर्ण नाव आणि दुसऱ्याला हाकेचं नाव वापरा, आणि वंशवृक्षात तेच ठेवा. आजोबा 'विष्णुपंत', नातू 'विसू'. एका प्रकरणात विसू आणि दुसऱ्यात विष्णू असं झालं की वंशवृक्ष असूनही नसल्यासारखा.

८. घरातले सगळे एकाच बाईला वेगवेगळ्या नावानं हाक मारतात. वंशवृक्षात कुठलं नाव टाकू?

कादंबरीत जे नाव सर्वांत जास्त वेळा येतं ते ठळक, बाकीची त्याखाली बारीक. मुलांची माई, दिरांची वहिनी, नातवंडांची मोठी आई आणि सातबाऱ्यावरची 'पार्वतीबाई गोविंद' ही एकच व्यक्ती असेल, तर वाचक 'माई' शोधत येईल. 'वहिनी', 'काकू' यांसारख्या ज्या हाका घरात तिघींना लागू होतात त्या वंशवृक्षात घालू नका. 'तात्या', 'अण्णा', 'आक्का' यांसारखी एकाच माणसाला चिकटलेली हाक मात्र नक्की घाला. भावंडांनी ठेवलेलं आणि पुढे सगळ्या गावानं उचललेलं नाव हे मूळ नावापेक्षा पक्कं असतं.

९. लग्नात सुनेचं नाव बदललं आहे. माहेरचं नाव दाखवायचं की सासरचं?

दोन्ही: "लक्ष्मी (माहेरची कृष्णा)". कादंबरी तिच्या माहेरात सुरू होत असेल तर पहिल्या भागाच्या वंशवृक्षात 'कृष्णा' आणि लग्नानंतरच्या भागात 'लक्ष्मी', कंसात जुनं नाव. भागवार वंशवृक्ष नसेल तर निवेदन तिला कुठल्या नावानं ओळखतं ते ठळक करा. काही लेखिका मुद्दाम शेवटपर्यंत माहेरचंच नाव वापरतात, घरातली माणसं काही का म्हणेनात. तसं असेल तर वंशवृक्षानंही लेखिकेचीच बाजू घ्यावी.

१०. मुली लग्न होऊन गेल्या की त्यांची फांदी थांबवायची ना? आमच्या कुळवृत्तान्तात तसंच आहे.

कुळवृत्तान्त आणि कादंबरी यांची कामं वेगळी आहेत. जुने कुळवृत्तान्त, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळी, दक्षिण महाराष्ट्रात घरोघर येऊन वंशावळ वाचणारे हेळवी, या सगळ्यांचा भर पुरुषाकडून पुरुषाकडे जाणाऱ्या रेघेवर असतो. वतन, आडनाव, श्राद्धाचा अधिकार असे प्रश्न त्या रेघेवर अवलंबून होते, म्हणून ती तशी जपली गेली.

कादंबरीत बहुतेक वेळा नेमकं उलट असतं. गोष्ट पुढे जाते ती सासरहून परत आलेल्या आत्येमुळे, आजोळी वाढलेल्या भाच्यामुळे, मामानं दिलेल्या जमिनीमुळे. नुसती पुरुषांची रेघ दाखवलीत तर ही माणसं वंशवृक्षाबाहेर पडतात आणि नेमकी तीच वाचकाला शोधून सापडत नाहीत. मुलगी, तिचा नवरा आणि कथेत येत असतील तर तिची मुलं दाखवाच. जागा नसेल तर निदान "सासर: वाई" एवढं तरी लिहा. आईच्या माहेरची एक पिढीही दाखवावी, विशेषतः मामा कथेत असेल तर.

भावंडांत कोण मोठं हे आपल्याकडे मानपानासाठी फार महत्त्वाचं. डावीकडून उजवीकडे जन्मक्रमानं लावा, मुलगे-मुली एकत्र. आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली लावल्या की "थोरली" कोण ते कळेनासं होतं.

११. एका माणसाची दोन लग्नं झाली आहेत. कसं दाखवू?

नवरा मध्ये, पहिली बायको डावीकडे, दुसरी उजवीकडे; लग्नाच्या खुणेवर १ आणि २. मुलांची रेघ नवऱ्यापासून न काढता त्या त्या जोडीच्या मधून काढा, म्हणजे सख्खं-सावत्र आपोआप दिसतं. तीन किंवा जास्त जोडीदार असतील तर बाजूला न लावता एकाखाली एक लावा. द्रौपदीच्या बाबतीत हेच करावं लागतं: पाच पती एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर त्याचा मुलगा. युधिष्ठिर–प्रतिविंध्य, भीम–सुतसोम असं ओळीनं वाचता येतं.

१२. माझ्या नायकानं मामाच्या मुलीशी लग्न केलं आहे. फांद्या एकमेकींत अडकतात, त्याचं काय करू?

मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत चालतं, त्यामुळे मराठी घराण्याचा वंशवृक्ष काढताना ही अडचण येतेच. अर्जुन आणि सुभद्रा हे जोडपं घ्या. कुंती ही वसुदेवाची बहीण आणि सुभद्रा ही वसुदेवाची मुलगी, म्हणजे सुभद्रा अर्जुनाची मामेबहीण. कुरूंचा वंशवृक्ष डावीकडे आणि यादवांचा उजवीकडे काढलात तर हे लग्न दोघांना जोडणारी आडवी रेघ होते, आणि तिच्याखाली अभिमन्यू येतो. दोन घराणी शेजारी ठेवणं हा पहिला उपाय. आरेखनाच्या रूढ पद्धतीत नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ वापरतात, तीही इथे उपयोगी पडते.

रेघ फार लांबून ओढावी लागत असेल तर दुसरा उपाय: व्यक्तीचं नाव दोन्ही ठिकाणी छापा आणि दुसऱ्या ठिकाणी "(यादव घराणे पाहा)" असं लिहा. वाचकाला लांबलचक वळणाच्या रेघेपेक्षा हे लवकर समजतं. एकमेकींना छेदून जाणाऱ्या रेघा मात्र टाळा.

कधी कधी ही अडकण उघडी दाखवण्यातच मजकूर असतो. 'वदरिंग हाइट्स'मधली धाकटी कॅथरीन आधी आत्तेभावाची होते आणि मग मामेभावाशी तिचं लग्न ठरतं. दोन घरं समोरासमोर मांडली की दोन्ही बाजूंना एक भाऊ-एक बहीण, आणि त्यांच्याखाली तीन मुलं अशी जवळजवळ आरशासारखी आकृती उमटते. सँगर यांनी लक्ष वेधलं ते याच सममितीकडे. अशी रचना तुमच्या कादंबरीत असेल तर वंशवृक्ष पुस्तकाच्या शेवटी द्या. तिथे तो गुपित फोडत नाही आणि रचना मात्र उलगडतो.

१३. दत्तक मूल कुठे दाखवायचं?

दत्तक घरात तुटक रेघेनं, आणि जन्मघर कथेत येत असेल तर तिथेही, "(दत्तक गेला)" अशा नोंदीसह. तुटक रेघ म्हणजे शंका असा काही वाचकांचा समज असतो, म्हणून खाली खुणांचा खुलासा हवाच.

दोन गोष्टी विसरू नका. एक, दत्तकात नाव बदलतं. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ साली दत्तक घेतलेला आनंदराव हा दामोदरराव झाला; दोन्ही नावं लागतात. दुसरी, क्रम. रघुनाथरावांनी अमृतरावांना दत्तक घेतलं आणि नंतर त्यांना बाजीराव हा औरस मुलगा झाला. घरात आधी कोण आलं यावर अशा कथांतला सगळा ताण असतो, म्हणून दत्तक मुलाची जागा जन्मसालाप्रमाणे लावायची की घरात आल्याच्या सालाप्रमाणे, हे कथेला काय हवं ते पाहून ठरवा आणि सगळीकडे तसंच ठेवा.

१४. खरा बाप कोण हे कादंबरीत मुद्दाम संदिग्ध ठेवलं आहे. वंशवृक्षात रेघ कुठून काढू?

घर जे मानतं तिथून काढा. वंशवृक्ष हा त्या घराचा जगासमोरचा दावा असतो, आणि कादंबरीचं काम त्या दाव्याखाली काय आहे ते दाखवण्याचं.

कुरुवंशाची मांडणी बघा. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला. सत्यवतीला पराशरांपासून झालेल्या व्यासांकडून नियोगानं अंबिकेला धृतराष्ट्र आणि अंबालिकेला पंडू झाला. दासीला झाला तो विदुर. राज्य चालतं ते विचित्रवीर्याच्या नावानं, म्हणून रूढ वंशवृक्षात धृतराष्ट्र आणि पंडू त्याच्याखाली येतात. पण तोच बाप असूनही विदुर मात्र बाजूला पडतो. जन्मदात्याच्या रेघा काढल्यात तर तिघे एकाच ओळीत येतात आणि शंतनूचं रक्त त्यांच्यापैकी कुणातच नाही हे दिसतं. वाहतं ते सत्यवतीचं. दोन्ही वंशवृक्ष खरे आहेत. विदुराच्या नजरेतून कादंबरी लिहिणारा लेखक दुसरा निवडेल, भीष्मांच्या नजरेतून लिहिणारा पहिला. तिसरा मार्ग म्हणजे दोन प्रकारच्या रेघा एकाच आकृतीत. तो अभ्यासाच्या पुस्तकाला शोभतो, कादंबरीला क्वचितच.

कथेच्या शेवटीही बाप कळत नसेल तर आईपासूनच रेघ काढा, बापाची जागा मांडूच नका. प्रश्नचिन्हाबद्दल प्रश्न ५ मध्ये लिहिलं आहे.

१५. घरात वाढलेला गडी, आश्रित पोरगा, मुनीम यांना वंशवृक्षात घ्यायचं का?

रेघ न जोडता घ्या. खालच्या बाजूला "घरातली इतर माणसं" अशी वेगळी चौकट पुरते. 'वदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ हा अर्नशॉंच्या घरात आणलेला पोर आहे. त्याला रेघेनं जोडायचं की नाही, हा त्या घरातल्या भांडणाचाच विषय आहे. तुमच्या कादंबरीतही तसं असेल तर चौकट रेघेच्या अगदी जवळ ठेवा, पण चिकटवू नका.

१६. वंशवृक्ष काढायला कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

स्वतःच्या हिशोबाच्या वंशवृक्षासाठी 'ग्राम्प्स' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे. "सुमारे १९१०", "१९४२ पूर्वी" अशा अंदाजे तारखा ते स्वीकारतं. माहिती 'जेडकॉम' या फाइलप्रकारात साठवलीत तर ती पुढे दुसऱ्या वंशावळ सॉफ्टवेअरमध्येही नेता येते. साधी एक्सेलची फाइलही पुरते: नाव, हाक, जन्मसाल, आई, बाप, पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात येतो.

छापायच्या आकृतीसाठी मात्र सॉफ्टवेअरनं आपोआप काढलेली आकृती तशीच वापरू नका. ते सगळ्यांना सारखी जागा देतं. कादंबरी देत नाही. आधी कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून त्या टेबलावर सरकवून बघा, मांडणी ठरली की मांडणीकाराला कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये काढायला सांगा.

१७. छापताना नावं वाचताच येत नाहीत इतकी बारीक झाली. काय चुकलं?

बहुधा मोठ्या कागदावर काढलेली आकृती पुस्तकाच्या पानाला बसवण्यासाठी आखडली असेल. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. समास वजा करता रुंदीत पाच-सहा नावं नीट बसतात, त्याहून जास्त नाहीत. आकृती पहिल्यापासून त्याच मापात काढा आणि आठ पॉइंटच्या खाली जाऊ नका. देवनागरीला वर-खाली जागा लागते: वेलांटी आणि रफार वरच्या रेघेला, उकार खालच्या रेघेला जाऊन भिडतो. म्हणून नाव आणि रेघ यांत मोकळी जागा ठेवा.

आडव्या विस्ताराचं घराणं असेल तर समोरासमोरची दोन पानं घ्या, पण मधल्या शिवणीवर एकही नाव येऊ देऊ नका. किंवा पान आडवं न करता वंशवृक्ष डावीकडून उजवीकडे वाढवा, पिढ्या स्तंभात. देवनागरी नावं आडव्या ओळीत लिहायला तो प्रकार सोयीचा पडतो.

आकृतीतला मजकूर युनिकोडमधून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये नेला असेल तर प्रत्येक जोडाक्षर प्रूफात तपासा. मुद्रितशोधक मजकूर वाचतात, आकृती बहुधा चाळतात. शेवटच्या प्रूफाला वंशवृक्षातलं प्रत्येक नाव मजकुराशी ताडून बघा. कादंबरीत 'शकुंतला' आणि वंशवृक्षात 'शकुन्तला' असलं तरी वाचक थबकतो.

१८. ई-बुकमध्ये चित्र फार लहान दिसतं, आणि ऑडिओबुकमध्ये तर काहीच दिसत नाही. उपाय काय?

ई-बुकमध्ये चित्रासोबत मजकुरातला वंशवृक्षही द्या. फोनवर अक्षर मोठं केलं तरी तो मोडत नाही, आणि पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकालाही तो ऐकता येतो. एका कल्पित खोत घराण्याचा असा दिसेल:

पहिली पिढी: दाजी. बायका: १. सरस्वती, २. यमुना.
दुसरी पिढी, सरस्वतीची मुलं: आक्का (सासर राजापूर, नवरा वामन), भाऊ (बायको इंदिरा).
दुसरी पिढी, यमुनेचा मुलगा: बंडू (चुलत्याकडे दत्तक, तिथलं नाव श्रीधर).
तिसरी पिढी, आक्काची मुलगी: कुसुम.
तिसरी पिढी, भाऊचे मुलगे: दाजी (धाकटे), मुकुंद.

प्रत्येक ओळीत आईचं किंवा बापाचं नाव परत आलं आहे, ते मुद्दाम. नुसत्या समास सोडून लिहिलेल्या ओळी फोनवर विस्कटतात.

ऑडिओबुकमध्ये वंशवृक्ष वाचून दाखवू नका. ऐकणाऱ्याच्या काहीही लक्षात राहत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्या भागापुरती दोन-तीन वाक्यं पुरतात. निवेदन ध्वनिमुद्रित होण्याआधी मजकुरातल्या "तो म्हणाला"पैकी काहींच्या जागी नाव किंवा नातं घालायची परवानगी लेखकाकडून घेता आली तर उत्तम.

१९. मी परदेशी कौटुंबिक कादंबरीचं भाषांतर करते आहे. मूळ पुस्तकात वंशवृक्ष नाही, मी घालू का?

आधी लेखकानं तो का घातला नाही याचा विचार करा. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या १९६७ च्या 'शंभर वर्षांचा एकान्त' या अर्थाच्या नावाच्या स्पॅनिश कादंबरीत पिढ्यान्‌पिढ्या आउरेलियानो आणि होसे आर्कादियो हीच नावं परत येतात. एका कर्नलला तर आउरेलियानो नावाचे सतरा मुलगे आहेत. १९७० च्या इंग्रजी भाषांतरात वंशवृक्ष घातला गेला. अनुवादक ग्रेगरी राबासा यांना पुढे तो घालणं योग्य झालं का अशी शंका वाटली, कारण लेखकाला तो हवा असता तर त्यानं स्वतःच दिला असता. माणसं एकमेकांत मिसळून जावीत, काळ गोल फिरावा हेच त्या पुस्तकाला हवं असेल, तर नीटनेटका वंशवृक्ष त्याच्या विरोधात जातो.

दुसरीकडे, मूळ भाषेतल्या वाचकाला नावावरून जे सहज कळतं ते मराठी वाचकाला कळत नाही. रशियन कादंबरीत पितृनाम आणि लाडाची नावं यांवरून एकच माणूस तीन नावांनी येतो. तिथे यादी देणं हे वाचकाला मूळ वाचकाच्या पातळीवर आणणं आहे. हा निकष लावा: मूळ वाचकाला मिळत होती तेवढी मदत द्या. लेखक हयात असेल तर प्रकाशकामार्फत विचारा, आणि घातलात तर "अनुवादकाने तयार केलेला" असं खाली छापा.

२०. वंशवृक्ष खोटा असू शकतो का? माझा निवेदक घराण्याबद्दल खोटं बोलतो.

असू शकतो, पण मग तो निवेदकानं काढलेला आहे हे वाचकाला कुठूनतरी कळायला हवं: त्याच्या हस्ताक्षरात, त्याच्या वहीतलं पान म्हणून. लेखकाच्या नावानं छापलेला वंशवृक्ष चुकीचा निघाला तर वाचक त्याला मुद्रणदोष समजतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर अविश्वास दाखवतो.

वंशवृक्ष कथेतली वस्तू झाला की त्याचं वजन वाढतं. टॉमस मान यांच्या 'बुडनब्रोक्स' (१९०१) मध्ये घराण्याची वंशावळ एका वहीत लिहिलेली असते, आणि लहानगा हानो आपल्या नावाखाली पट्टीनं दोन रेघा ओढून ती संपवतो. पुढे काही येणार नाही असं मला वाटलं, असं तो वडिलांना सांगतो. ती वही वाचकाला छापून दाखवायची गरज पडत नाही, कारण प्रसंगातच ती दिसते. तुमच्याकडे असं पान असेल, म्हणजे वाटणीच्या दाव्याला जोडलेली वंशावळ, कोनाड्यातली जीर्ण वही किंवा लग्नपत्रिकेच्या मागे आजीनं लिहिलेली नावं, तर पुस्तकाच्या आरंभी वेगळा वंशवृक्ष देण्याऐवजी ते पान त्या प्रकरणात, त्याच्या खाडाखोडीसकट छापायचा विचार करा.

२१. दुसरा भाग लिहिताना पहिल्या भागातला वंशवृक्ष आड येतो आहे. बदलला तर चालेल का?

भर घालायला काहीच हरकत नाही. नवी फांदी, आधी न दाखवलेलं माहेर, परदेशी गेलेला भाऊ. छापलेलं जन्मसाल किंवा भावंडांचा क्रम बदलायचा असेल तर पहिल्या भागाच्या पुढच्या आवृत्तीतही तो बदल करा आणि आवृत्तीच्या पानावर एका ओळीत नोंद द्या, कारण मालिकेचे वाचक दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचतात. पहिल्या भागात वाचकासाठी वेचलेला वंशवृक्ष छापला असेल (प्रश्न ३) तर हा प्रश्न सहसा येत नाही: जे छापलंच नाही ते बदलायला तुम्ही मोकळे असता.